नकल शाखा

मुरारच्या प्रयोगशाळेत माझ्या ताब्यात उबेची दोन कपाटं आहेत.
एकात तेहतीस अंश, दुसऱ्यात एकोणचाळीस.
तेहतीस म्हणजे नाक,
गार श्वास जातो-येतो ती अरुंद गल्ली.
एकोणचाळीस म्हणजे ताप चढलेलं फुफ्फुस.
बाहेर ग्वाल्हेरला शेहेचाळीस. ते कुणाच्याच हिशेबात नाही.

विषाणूजवळ एक कारकून असतो.
पुस्तकात त्याला विकर म्हणतात. मी कारकूनच म्हणते,
कारण माझे वडील इंदरगंजच्या कचेरीत
सदतीस वर्षं नकल शाखेत होते,
दुसऱ्यांचे निकाल उतरवून घेत.
डिसेंबरात त्यांचा हात लागायचा:
मफलर कानांवरून, एका बैठकीत बारा पानं.
मे महिन्यात मनगटाखाली टीपकागद धरला
तरी शाई फुटायची, ओळ सुटायची.
एका मेमध्ये नंदराम कुशवाहचा अनुस्वार राहिला.
चार बिघे जमीन, आणि कागदावर नदराम.
अकरा वर्षं तो माणूस पायऱ्यांवर बसून
आपलं टिंब मागत होता.

आमचा कारकून आम्ही मुद्दाम असा करून घेतला.
पंचवीस अंशांवर वाढवला,
एका पेशीतून दुसरीत, पिढीमागून पिढी,
थंडीची इतकी सवय लावली
की त्याच्या घडणीतली चार-पाच अक्षरंच फिरली.
आता नाकात तो झरझर लिहितो,
आणि शरीर तेवढ्यात त्याचं वळण ओळखून ठेवतं.
खाली छातीत उतरला की
तिघांनी मिळून वळलेली त्याची मूठ सैल पडते,
बोरू निसटतो,
पान कोरं.

ताप म्हणजे शरीराने स्वतःपुरता आणलेला मे महिना,
हे मला बीएस्सीला कुणी सांगितलं नव्हतं.

प्लेटा जांभळ्या रंगात बुडवायच्या, धुवायच्या, उजेडात धरायच्या.
जिथे त्याने लिहिलं तिथे पेशी मेलेल्या,
जांभळ्यात पांढरी भोकं.
तेहतिसाच्या प्लेटा चाळणीसारख्या निघाल्या.
एकोणचाळिसाच्या अखंड जांभळ्या,
नव्या लुगड्याची घडी मोडावी तशा.
काहीच घडलं नाही याचा एवढा आनंद
दुसऱ्या कुठल्या नोकरीत होत असेल, मला माहीत नाही.

सतरा नंबरला एक भोक.

एकच. मोहरीएवढंही नाही.
पागनीस सर म्हणाले, पिपेटचा धक्का असेल,
नाहीतर दुपारी लाइट गेली तेव्हा
जनरेटर लागेपर्यंत कपाट निवलं असेल.
असेल.
पण हेही असेल
की एका प्रतीत एक अक्षर पुन्हा सरळ झालं,
आणि कुणीतरी भर तापात
जुन्या हाताने लिहायला बसलं.

वडिलांच्या शाखेत प्रत तयार झाली की
एकजण मूळ कागद मोठ्याने वाचायचा,
दुसरा नकलेवर बोट फिरवायचा,
आणि मग खाली: रुजवात घेतली. सही.
(नंदरामच्या दिवशी वाचणारा पाणी प्यायला गेला होता.)
या विषाणूच्या कचेरीत
ती जागाच मंजूर नाही.
लिहितो तो लिहीतच सुटतो. चुकलं तर चुकलं,
आणि त्याच चुकांवर आमचं पोट, आमची लस,
आमची सगळी आशा.

भोकातलं बोटभरही नसलेलं काहीतरी
मी सुईने उचललं, कुपीत घातलं,
वर लिहिलं: सतरा, तारीख, वेळ दुपारी चार चाळीस.
उणे ऐंशीच्या फ्रीजमधून वाफ आली आणि
चष्म्यावर बसली.
वहीत शेवटचा रकाना असतो, 'अपेक्षेप्रमाणे' असा.
सरांनी इतरांसमोर खुणा केल्या आहेत.
सतरासमोर मी
पेन टेकवलं, उचललं.
एक टिंब उमटलं होतं. ते तसंच ठेवलं.

बुधवारी पुन्हा लावते.